आळस, स्वभाव की आजार? डिप्रेशन कसं ओळखायचं आणि मदत कुणाची घ्यायची

एका बाईंनी लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, नोकरी, घर, एक मूल. गेले चारेक महिने कशातच मन लागत नाही. रडू येत नाही, फार दुःख आहे असंही नाही, पण प्रत्येक गोष्ट ओढूनताणून करावी लागते. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. ऑफिसचं काम होतं, पण पूर्वी तासाभरात हातावेगळं व्हायचं त्याला आता अर्धा दिवस लागतो. नवरा म्हणतो, 'एवढं मनावर घेऊ नकोस, जरा बाहेर पड.' मला स्वतःलाही वाटतं की मी आळशी झालेय. हे डिप्रेशन आहे की मी उगाच बाऊ करतेय? जायचं तर कोणत्या डॉक्टरकडे? आणि गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर मागे लागतात का?

आधी सरळ उत्तर देते. समोर बसून बोलल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं मी इथून म्हणणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय तेवढं डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे, आणि आणखी महिनाभर वाट बघण्यात काही अर्थ नाही. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.

आता त्या 'उगाच बाऊ करतेय का' बद्दल. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हाच प्रश्न सोबत घेऊन येतात. त्याचं कारण या आजाराच्या स्वरूपातच आहे. ताप आला की आपल्याला काहीतरी झालंय हे कळतं. डिप्रेशन मात्र बाहेरून आल्यासारखं वाटत नाही, ते आपल्याच आवाजात बोलतं. 'मी आळशी आहे', 'माझी अक्कलच चालत नाही हल्ली', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो' ही वाक्यं कुणालाच लक्षणं वाटत नाहीत. आपल्याबद्दलचं कटू सत्य आता कुठे आपल्याला उमगलं, असंच वाटतं. म्हणून डोळे मिटून, आत डोकावून 'मला खरंच काही झालंय का?' असं स्वतःला विचारत बसलात तर उत्तर बहुधा 'नाही, मीच अशी आहे' असंच येईल. निवाडा करणारं मनच आजाराच्या ताब्यात असताना त्याच्याकडून निवाडा मागू नका. त्यापेक्षा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी बघा: काय बदललं, कधीपासून बदललं, आणि कितपत.

निदानासाठी डॉक्टर सहसा जी नऊ लक्षणं बघतात ती अशी: मन उदास किंवा रिकामं वाटणं, कशातच रस न उरणं, झोपेत बिघाड, भुकेत किंवा वजनात बदल, सततचा थकवा, हालचाली-बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आपण कुचकामी आहोत असं वाटणं किंवा विनाकारण अपराधी वाटणं, लक्ष न लागणं किंवा साधे निर्णयही न होणं, आणि मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार. यातली पाच किंवा जास्त, सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ आणि जवळजवळ रोज असतील, आणि त्यामुळे काम, घर किंवा नाती यांवर परिणाम होत असेल, तर ते डिप्रेशन धरतात. मात्र त्या पाचांत पहिल्या दोहोंपैकी एक तरी असावंच लागतं. लक्षात घ्या, उदास वाटणं सक्तीचं नाही. रडू न येता, 'दुःखी' न होताही हा आजार असू शकतो. फक्त रस संपलेला असतो. तुमच्यासारखी 'मला तर वाईटही वाटत नाही' म्हणणारी माणसं याच कारणाने वर्ष-वर्ष डॉक्टरकडे फिरकत नाहीत.

रस संपणं म्हणजे कंटाळा येणं नव्हे. कंटाळलेल्या माणसाला दुसरं काहीतरी हवं असतं. इथे काहीच नको असतं. आवडीचं गाणं लागतं, कानावर पडतं आणि निघून जातं. मूल येऊन गळ्यात पडतं, आपण त्याला जवळ घेतो, हसतोसुद्धा, आणि आत काहीही हलत नाही. मग 'मी कसली आई' म्हणून स्वतःचाच राग येतो. ही गोष्ट पेशंट फार उशिरा बोलतात, कारण तिची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यांनी हे पुष्कळदा ऐकलेलं असतं, आणि आजार उतरला की ती माया परत जाणवायला लागते.

आळसाबद्दलही थोडं सविस्तर सांगते, कारण पेशंट आणि घरचे दोघंही इथेच चकतात. अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेला एक प्रसंग आहे. सकाळी आंघोळीला जायचंय. माणूस पलंगाच्या कडेला बसलाय, टॉवेल मांडीवर आहे. बाथरूम चार पावलांवर. उठायचं, गीझर लावायचा, कपडे काढायचे, पाणी घ्यायचं, अंग पुसायचं, दुसरे कपडे शोधायचे. एरवी जे एक काम असतं त्याचे इथे पंधरा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा जोर लावावा लागतो. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात तो आराम करत नसतो, स्वतःला शिव्या घालत असतो. आळशी माणूस काम टाळतो तेव्हा त्याला बरं वाटतं. याला टाळूनही बरं वाटत नाही. तुमच्या मनात 'मी आळशी झाले का' हा प्रश्न आला की हा फरक तपासा: काम राहिलं तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं, की आणखी अपराधी वाटलं?

झोपेचं तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. झोप लागायला वेळ लागणं हे काळजीत, ताणात, फोन बघत जागल्यानेही होतं. पण झोप लागते आणि नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी उडते, मग अंधारात पडल्यापडल्या जुन्या चुका आठवत राहतात, सकाळ सगळ्यात जड जाते आणि संध्याकाळकडे जरा हलकं वाटतं, हे चित्र डिप्रेशनमध्ये बऱ्यापैकी ठरलेलं आहे. काही जणांचं उलटं असतं: दहा-बारा तास झोपूनही शीण जात नाही, भूक वाढते, हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. दोन्ही प्रकार एकाच आजाराचे.

मग साधं दुःख आणि हा आजार यांत फरक कसा करायचा? जवळचं माणूस गेलं, नोकरी सुटली, नातं तुटलं तर माणूस कोलमडणारच, त्याला आजार म्हणायची घाई मी करत नाही. शोक लाटांसारखा येतो. आठवण निघाली की उसळतो, मध्येच एखाद्या गप्पांत माणूस हसूही शकतो, आणि बहुतेक वेळा त्याची स्वतःबद्दलची किंमत शाबूत असते. डिप्रेशनमध्ये सगळं एका पातळीवर सपाट होतं आणि रोख स्वतःवर वळतो. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात. 'कारण आहे म्हणजे आजार नाही' हा तर्क चुकीचाच आहे. कारण माहीत असलं तरी आजार तो आजारच, आणि कारण सापडत नसलं तरीही. 'तुला कमी काय आहे?' या प्रश्नाला काही उत्तर नसतं, तो कुणी विचारू नये.

काही माणसांत हा आजार वेगळाच वेष घेऊन येतो. पुरुषांमध्ये बऱ्याचदा चिडचिड, भांडणं, दारू वाढणं, जिवाची पर्वा न करता गाडी हाणणं असं दिसतं, आणि घरचे त्याला 'स्वभाव बदलला' म्हणतात. किशोरवयीन मुलांत उदासीऐवजी चिडकेपणा, मार्क घसरणं, मित्र तोडणं दिसतं. वयस्कर माणसं मनाबद्दल बोलतच नाहीत. पाठ दुखते, पोट साफ होत नाही, छातीत कसंतरी होतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तक्रार कायम राहते. कधी त्यांचं विसरणं इतकं वाढतं की स्मृतिभ्रंश झाला असं वाटतं, आणि डिप्रेशनचे उपचार केल्यावर स्मरणशक्ती बरीच सुधारते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं अनेकींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ते चालूच राहिलं, किंवा बाळाबद्दल भीतीदायक विचार यायला लागले, तर मात्र थांबायचं नाही.

स्वतःला चाचपून बघायला 'पीएचक्यू-९' नावाची एक छोटी प्रश्नावली उपयोगी आहे. वर सांगितलेल्या नऊ लक्षणांवर नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला त्यावरून प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आता अनेक भाषांत मोफत मिळते. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवावं असा संकेत आहे. पण दोन गोष्टी सांगते. कमी गुण आले म्हणून निश्चिंत होऊ नका. 'माझं काय एवढं' म्हणणारी माणसं उत्तरंही कमी करूनच देतात. दुसरं, नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्यात शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण बघत बसू नका, आधी त्याबद्दल कुणाशी तरी बोला.

तुमच्या मजकुरात त्याबद्दल एक शब्दही नाही, म्हणून मी आता तो प्रश्न तुम्हाला स्पष्टच विचारते. जगणं नकोसं झालंय असं वाटतं का? झोपेतच सगळं संपलं तर बरं, असं मनात येतं का? स्वतःला काही करून घेण्याचा विचार येतो का? हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, ही भीती अभ्यासांनी खोटी ठरवलेली आहे. उलट बहुतेक लोक मोठा श्वास सोडतात, कारण कुणीतरी विचारलं एकदाचं. 'मरून जावंसं वाटतं' पासून 'कसं, कधी, कुठे' इथपर्यंत विचार गेले असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आत्ताच घरच्या एका माणसाला सांगा, त्याला सोबत थांबायला सांगा, जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. मध्यरात्र असेल आणि कुणीच नसेल तर हेल्पलाइनला फोन करा. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. इतर देशांतही अशा सेवा आहेत. घरच्यांसाठी एक गोष्ट: धोक्याच्या वस्तू, साठवलेली औषधं, जे काही असेल ते त्या काळापुरतं घरातून हलवा. हा आवेग अनेकदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो.

आता कुणाकडे जायचं. तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर असेल आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येत असेल, तर सुरुवात तिथून करायला हरकत नाही. साधं डिप्रेशन तेही हाताळू शकतात आणि गरज वाटली तर पुढे पाठवतात. सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो आणि औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले असतात, औषधं देत नाहीत, बोलून करायचे उपचार ठरावीक पद्धतीने करतात. काउन्सेलर हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो, म्हणून शिक्षण काय आणि किती ते निःसंकोच विचारा. चार महिने झालेत, झोप उडालीय, कामावर परिणाम दिसतोय, अशा वेळी निदानासाठी एकदा तरी डॉक्टरांना भेटावं असं माझं मत आहे, नंतरचे उपचार गोळ्यांविना झाले तरी.

पहिल्या भेटीची अनेकांना धास्ती असते, म्हणून आत काय होतं ते सांगते. सिनेमातल्यासारखा आडवं पडून बोलायचा कोच वगैरे काही नसतो. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या असतात. मी विचारते, 'काय त्रास होतोय?' आणि बऱ्याचदा उत्तर येतं, 'तसं काही खास नाही.' मग मी कालचा दिवस सांगायला सांगते. किती वाजता जाग आली, उठायला किती वेळ लागला, जेवण झालं का, कुणाशी बोललात, शेवटचं मनापासून कधी हसलात. त्यातून जे कळतं ते 'तुम्हाला उदास वाटतं का' विचारून कळत नाही. पुढे घरात कुणाला असा त्रास होता का, दारू किंवा आणखी कशाची सवय, सध्याची औषधं, पाळी, बाळंतपण हे सगळं येतं. मग एक प्रश्न येतो जो पेशंटला विचित्र वाटतो: 'याच्या अगदी उलट असं कधी झालं होतं का? चार-पाच दिवस झोप न घेताही उत्साह ओसंडून वाहतोय, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत?' याचं उत्तर अतिशय खरं द्या. तसं झालेलं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अति उत्साह असा दोन्ही टोकांचा, असू शकतो, त्याचे उपचार वेगळे असतात, आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी त्यात त्रास वाढू शकतो.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा काही रक्ततपासण्याही सांगतात. थायरॉइड कमी पडल्याने हुबेहूब डिप्रेशनसारखं चित्र होतं, आणि स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही मन बिघडतं. जाताना एक कागद घेऊन जा: त्रास कधीपासून, काय काय बदललं, चालू औषधं कोणती, कोणत्या पॅथीची ते सुद्धा. समोर बसल्यावर सुचत नाही, कागद वाचून दाखवला तरी चालतो. शक्य असेल तर नवऱ्याला सोबत न्या. तुम्ही 'ठीक आहे' म्हणून उडवलेल्या दोन गोष्टी ते सांगतील. मात्र काही वेळ डॉक्टरांशी एकटीने बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो मागा.

उपचार दोन मुख्य वाटांनी होतात: बोलण्याचे उपचार आणि गोळ्या. सौम्य आजारात नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी भागतं, मध्यम आजारात दोन्हीपैकी काहीही चालतं, तीव्र आजारात दोन्ही मिळून जास्त उपयोग होतो. बोलण्याचे उपचार म्हणजे मन मोकळं करणं एवढंच नाही. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) ही पद्धत अॅरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात मांडली. तिच्यात आपोआप येणारे विचार कागदावर पकडून तपासायला शिकवतात, साधारण बारा ते वीस बैठका लागतात आणि प्रत्येक वेळी घरी करायचा अभ्यास असतो. चार बैठका झाल्या तरी आपण काय करतोय तेच कळत नसेल तर थेरपिस्टला विचारा, आणि पटलं नाही तर बदला. त्यात कुणाचा अपमान नाही.

आता गोळ्या. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही सध्याची नेहमीची नावं. यांची सवय लागते ही भीती बहुधा दुसऱ्याच गोळ्यांवरून आलेली आहे: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि काळजीच्या गोळ्या. त्यांची खरोखर सवय लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच द्यायच्या असतात. डिप्रेशनच्या गोळ्यांचं तसं व्यसन होत नाही; डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, तलफ येत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात शॉक बसल्यासारखं वाटणं असा त्रास काहींना होतो, कधी बराच होतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत बंद करतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या महिन्यात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा असे दुष्परिणाम पहिल्या आठवड्यातच येतात आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे आधी नुसता तोटाच दिसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक गोळ्या सोडून देतात. पहिल्या आठवड्यातले बरेचसे त्रास ओसरतात. लैंगिक इच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. त्याबद्दल गप्प बसू नका, औषध बदलता येतं. आणखी एक: काहींना मनाच्या आधी अंगात ताकद येते, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो. म्हणून त्या काळात डॉक्टर लवकर लवकर बोलावतात आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण एक तृतीयांश असतात. म्हणून पहिलं लागू पडलं नाही तर 'मला काहीच लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढू नका. डोस बदलतो, औषध बदलतं, थेरपी जोडता येते. माणूस खाणं-पिणं सोडण्याइतका खालावला असेल तर शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, फार परिणामकारक ठरते. आता ती भूल देऊन करतात, सिनेमात दाखवतात तसं काही नसतं.

किती दिवस घ्यायच्या? पहिलीच वेळ असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने. त्याच्या आधी सोडल्या तर आजार परतण्याची शक्यता बरीच वाढते. वारंवार होत असेल तर जास्त काळ. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बहुतेकांना जन्मभर घ्याव्या लागत नाहीत, आणि ज्यांना लागतात त्यांना त्या घेऊन नीट जगता येतं.

अपॉइंटमेंटपर्यंतच्या दिवसांत फार काही करायला जाऊ नका. रात्री झोप कशीही झाली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. दारू घेत असाल तर बंद, कारण तिने झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडतं. रोज दहा मिनिटं घराबाहेर चाला. इच्छा झाली की जाईन असं म्हणू नका; या आजारात इच्छा कृतीच्या मागून येते, आधी येत नाही. आणि नोकरी सोडणं, घटस्फोट, गाव बदलणं असे मोठे निर्णय दोन-तीन महिने पुढे ढकला. आत्ता जे पूर्ण पटतंय ते बरं झाल्यावर पटेलच असं नाही.

तुमच्या नवऱ्यासाठी दोन शब्द. 'मनावर घेऊ नकोस' ते मायेनेच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला ते 'तू मनावर घेतेस म्हणून हे होतंय' असं ऐकू येतं. सल्ल्याऐवजी एखादं काम अंगावर घ्यावं. 'डॉक्टरांना फोन मी करतो, बुधवारी चारला जाऊ, मीपण येतो' या एका वाक्याने जे होतं ते महिनाभर समजावून होत नाही. 'काही लागलं तर सांग' म्हणू नये, कारण या अवस्थेत माणूस काही मागत नाही. रोज 'आज कसं वाटतंय?' विचारून तपासणीही करू नये. शेजारी बसावं, मुलाचं बघावं, आणि पहिले सहा आठवडे गोळ्या वेळेवर जातायत एवढं पाहावं. तुम्हाला त्यांना हे सांगणं अवघड जात असेल तर मला लिहिलेला मजकूरच त्यांना वाचायला द्या.

शेवटी बरं झाल्यानंतरचं. एकदा डिप्रेशन आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ते आयुष्यात पुन्हा कधीतरी येतं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. दुसऱ्या वेळी ते लवकर ओळखता येतं, आणि लवकर पकडलेला आजार लवकर आवरतो. प्रत्येकाचं पहिलं लक्षण आपलं स्वतःचं असतं. कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणी आलेली पत्रं आणि बिलं न उघडता तशीच रचून ठेवतं, कुणाची पहाटेची झोप उडते. तुमचं बहुधा ही पहाटेची जागच असेल. ते लक्षण लिहून ठेवा, घरातल्या एका माणसाला दाखवा, आणि ठरवून टाका की ते सलग आठवडाभर दिसलं तर कारणं शोधत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.